कूल असणं म्हणजे नक्की काय? ढोल पथकातल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

आषाढ लागला की नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर आमच्या ढोल पथकाचा सराव सुरू होतो आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालतो. मी दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचं काम करते आणि संध्याकाळी नव्या मुलांना ताशा शिकवते. ही मुलं पंधरा ते बावीस वयाची. वाजवायची हौस असतेच, पण 'पथकात असणं कूल आहे' म्हणूनही येतात आणि तसं मोकळेपणाने सांगतात. मला त्यात वावगं काही वाटत नाही. कुठल्या तरी दारातून आत यावंच लागतं. सराव संपल्यावर ढोलाच्या दोऱ्या सैल करताना ही मुलं काहीबाही विचारतात. फाटकाशी गाडी लावून थांबलेले त्यांचे आईवडीलही विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

ताई, कूल म्हणजे नक्की काय? एका वाक्यात सांग ना.

आपण कसे दिसतोय यावरचं लक्ष काढून ज्याने ते हातातल्या कामाला दिलंय आणि तरी ज्याला आजूबाजूचं भान आहे, तो माणूस कूल. वाक्य लांब झालं, पण यातला एकही तुकडा मला सोडवत नाही. नुसतीच तल्लीनता असेल तर शेजारच्याच्या कोपरावर टिपरू बसतं. नुसतंच भान असेल तर माणूस कोण बघतंय तेच बघत राहतो आणि हात चुकतो.

दोन वर्षांपूर्वीच्या विसर्जन मिरवणुकीतली गोष्ट सांगते. वाकडी बारवेपासून निघून आम्ही रविवार कारंजापाशी आलो होतो. पाय भरून आले होते, गर्दी दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती. माझ्या डावीकडे अकरावीतली एक मुलगी ताशावर होती. तिच्या गळ्यातला पट्टा कडीपाशी उसवला आणि ताशा एका बाजूने लोंबायला लागला. ती आधी एक पाऊल मागे सरली, कारण पुढेच थांबली असती तर रांग तुटली असती. मग तिथेच डांबरावर मांडी घालून बसली, ताशा मांडीत घेतला आणि वाजवत राहिली. एखादी मात्रा गेली असेल, जास्त नाही. मागच्या मुलाने पट्ट्याला गाठ मारली, ती उठली, रांगेत आली. 'बघा मी काय केलं' असं चेहऱ्यावर नव्हतं आणि 'माझंच का असं होतं' असंही नव्हतं. त्या वेळी शेकडो मोबाइल वर होते, सगळे ध्वजाकडे वळलेले. तिचा एकही व्हिडिओ कुणाकडे नाही. कूल हा शब्द कानावर आला की मला ती मांडी घालून बसलेली मुलगी दिसते.

मराठीत याला शब्द नाही का?

भरपूर आहेत. आपण ते एकमेकांत मिसळतो म्हणून घोटाळा होतो. ऐट, रुबाब आणि डौल हे तीनच घे. ऐट कपड्यांमुळे येते. नवा कुर्ता घातला की दोन तास टिकते. रुबाब जागेमुळे येतो, आणि खुर्ची गेली की बहुतेकदा तोही जातो. डौल मात्र चालण्यात असतो, हात हलवण्यात असतो, आणि एकच काम वर्षानुवर्षं केल्यावर तो अंगात भिनतो. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात जा. (गंगेवर म्हणजे गोदावरीवर, हे बाहेरगावच्यांसाठी.) एका हाताने मेथीची जुडी उचलून, पाणी झटकून, पिशवीत सोडता सोडता दुसऱ्या हाताने सुटे पैसे परत देणाऱ्या मावशी दिसतील. नजर तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेली असते, आणि हिशेब चुकत नाही. तो डौल. कूलच्या सगळ्यांत जवळचा आपला शब्द मला हाच वाटतो.

आता नकलेसाठीचे शब्द बघ: भाव खाणं, शायनिंग मारणं, हवा करणं, टेंभा मिरवणं, आव आणणं, चमकोगिरी. ही यादी केवढी लांब आहे! खोटा रुबाब आपल्या लोकांना चटकन ओळखू येतो, असा मी याचा अर्थ लावते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजीत कौतुकासाठी 'थंड' या अर्थाचा शब्द वापरतात आणि आपण खूश झालो की म्हणतो 'कडक!'. नुसतं 'थंड माणूस' म्हटलं तर आपल्याला उत्साह नसलेला माणूस कळतो, पण 'थंड डोक्याचा' म्हटलं की ते कौतुक होतं. ताशा शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगते, डोकं थंड आणि हात कडक. उलटं झालं की लय गेलीच.

हा शब्द या अर्थाने आला कुठून?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून. १९३० आणि १९४० च्या दशकांत जॅझ वाजवणाऱ्या कलावंतांमध्ये तो रुळला. लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचं नाव त्याच्याशी कायम जोडलं जातं. भरदार, जोरकस वादनाची चलती होती तेव्हा तो हलक्या, मोकळ्या स्वरात वाजवायचा. पुढे माइल्स डेव्हिस आणि त्याच्या बरोबरीच्यांनी जे संयत वादन केलं, त्याला 'कूल जॅझ' असंच नाव पडलं. याच्याही मागे जाणारे अभ्यासक आहेत. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या कला-इतिहासकाराने १९७३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या 'इतुतु' या कल्पनेकडे लक्ष वेधलं. इतुतु म्हणजे शीतलता. स्वभावाची मृदुता, औदार्य, भांडण शमवण्याची ताकद, हे सगळं त्यात येतं.

या इतिहासातली एक गोष्ट मुलांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्या वाट्याला बसमध्ये, हॉटेलात, रस्त्यावर रोज अपमान येत होता. उसळून उत्तर दिलं तर जिवावर बेतायचं. अशा वेळी चेहरा शांत ठेवणं म्हणजे आपला तोल समोरच्याच्या हातात जाऊ न देणं. आज तोच शब्द आपण बुटांच्या जाहिरातीत वाचतो.

आणि हे कळायला नाशिककराला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी इथली धुरा सांभाळली. सत्याग्रही मंदिराच्या दरवाज्यांपाशी बसले, त्यांनी दगड झेलले, ते तुरुंगात गेले, आणि लढा काही वर्षं चालू राहिला. नवी मुलं पहिल्यांदा त्या बाजूला येतात तेव्हा मी त्यांना दरवाज्यासमोर दोन मिनिटं उभं करते. 'इथे बसलेल्या माणसांनी डोकं थंड ठेवलं होतं,' एवढंच सांगते. सगळ्यांत वात्रट मुलगासुद्धा त्या दोन मिनिटांत बोलत नाही.

म्हणजे कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही, असं ना?

असं मुळीच नाही. ज्याला काही वाटतच नाही त्याला शांत राहायला कष्ट कसले? पोटात गोळा आलाय आणि तरी पहिली थाप वेळेवर पडते, त्याला मी मानते.

सगळ्याला 'ठीक आहे' म्हणायची एक सवय मुलांना लागलीय. मिसळ कशी होती? ठीक आहे. वाजवून कसं वाटलं? ठीक आहे. खूप आवडलं असं म्हटलं तर आपण लहान वाटू, ही भीती त्यामागे असते. अशा मुलांना मी रंगपंचमीला तिवंध्याची किंवा शनी चौकाची रहाड बघून यायला सांगते. पेशव्यांच्या काळापासूनचे ते रंगाचे हौद वर्षातून एकदाच उघडतात. त्यात धप्पा मारणाऱ्याला कपडे, केस, चेहरा कशाचीच पर्वा उरत नाही. काठावर हाताची घडी घालून कोरडा उभा असलेला माणूस तिथे कुणालाच कूल वाटत नाही.

ब्रँडेड बूट, महागडा फोन, याशिवाय कुणी भाव देतं का?

सुरुवातीचे चार दिवस देत नसेल कदाचित. पाचव्या दिवशी सगळे सारखे घामाघूम असतात आणि मिरवणुकीत तर पांढरा कुर्ता आणि फेटा सगळ्यांना एकच. तिथे कोण लक्षात राहतं ते स्वतः बघ.

माझ्याकडे बाइक नाही. कॉलेज रोडवर मित्र फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून फिरतात, मी मागे बसतो.

त्या आवाजाने मान वळते हे खरं आहे. पण वळलेल्या मानेवरचा चेहरा एकदा बघ. ओपीडीतून औषधं घेऊन परतणारी आजी दचकते, रिक्षावाला शिवी हासडतो, क्लास सुटलेल्या मुली नजर फिरवतात. लक्ष वेधलं जाणं आणि कुणाला आपण आवडणं यात फरक आहे. ढोल वाजवणाऱ्याला तर हे जास्त कळायला हवं. आपणही आवाजच करतो, पण तो एकत्र, ठेक्यात आणि थांबायचं तेव्हा थांबून.

आता पालकांसाठी. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि 'सगळे चालवतात' म्हणून तुम्ही त्याच्या हातात मोटारसायकलची चावी देत असाल, तर मोटार वाहन कायद्याचं २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९९अ वाचा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत परवाना मिळत नाही.

हेल्मेटचंही विचारतात, केस बिघडतात म्हणून. २०२१ मध्ये १५ ऑगस्टपासून आपल्या शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू झाली होती. तेव्हा मुलं पंपावर पोहोचण्यापुरतं मित्राचं हेल्मेट मागून घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीच मुलं सरावात दोन तास घट्ट फेटा बांधून असतात. तेव्हा केसांचं कुणी नाव काढत नाही.

सिगारेट किंवा वेप ओढलं तर ग्रुपमध्ये पटकन घेतात. एकदा-दोनदा काय होतं?

इथे मी गोड बोलणार नाही. ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून देशात कायद्याने बंद आहे. म्हणजे वेप जो आणून देतो तो चोरटा माल विकतोय. त्या मालात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. अठराच्या आतल्या मुलाला सिगारेट विकणंही गुन्हा आहे.

पण मुलांना कायदा सांगून फारसं काही होत नाही, म्हणून एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे जोसेफ अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४ मुलांना तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत जवळून पाहिलं. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेराव्या वर्षी मोठ्यांसारखं वागून दाखवणारी, लवकर प्रेमप्रकरणं करणारी, बारीकसारीक नियम मोडणारी, देखण्या मुलांशीच मैत्री करणारी मुलं त्या वयात लोकप्रिय होती. पण ती लोकप्रियता पुढच्या काही वर्षांत ओसरली. विशीत पोहोचल्यावर दारू आणि नशेच्या अडचणी त्यांच्यात जास्त दिसल्या आणि नाती सांभाळणं त्यांना अवघड गेलं. एक वेळचं लक्ष मिळवायला दर वेळी थोडा मोठा उद्योग करावा लागतो, आणि बरोबरीची मुलं तोवर मोठी होऊन पुढे गेलेली असतात.

धुराला नाही म्हणायचं असेल तर भाषण देऊ नकोस. 'नको' म्हण आणि चहाचा ग्लास उचल. नकार जितका लहान, तितका तो टिकतो.

मी लाजाळू आहे. माझं काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. पथकात टोल वाजवणारा एक मुलगा होता. टोल म्हणजे ती लोखंडी थाळी. ढोल-ताशाच्या गदारोळात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ती थांबली की सगळे चाचपडतात. हा मुलगा पहिल्या महिन्यात दहा वाक्यंही बोलला नसेल. पण कोणता हात, म्हणजे ठेक्याचा प्रकार, किती वेळा वाजायचाय हे त्याला पक्कं माहीत असायचं. हळूहळू मोठमोठे ढोलवाले अडले की त्याच्याकडे बघायला लागले. तो आजही कमी बोलतो. फक्त आता तो बोलला की बाकीचे गप्प होतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे आणि बोलण्यात गावाकडचा हेल आहे. मुलं हसतात.

या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देते, कारण इथे माझं स्वतःचं देणं बाकी आहे.

कॉलेजात आमच्या गटात सुरगाण्याकडची एक मुलगी होती. हुशार, मनमिळाऊ. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी तिच्या हेलाची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. मला ते विनोदी वाटलं नव्हतं. आपण हसलो नाही तर आपल्याकडे बघतील, एवढ्यासाठी हसले. तिने चहा संपवला, दप्तर उचललं आणि नंतर ती आमच्यात बसली नाही. कधीच. त्या दिवशी त्या टेबलावर डोकं ताठ ठेवून उठणारी एकटी तीच होती, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. मी तिची माफी मागायला हवी होती. ती मागितली नाही.

म्हणून सांगते, हेल पुसून टाकू नकोस. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, निफाड, प्रत्येक तालुक्याची बोली वेगळी आणि ती तुला फुकट मिळालीय. इंग्रजी जरूर शीक. नोकरीत लागतं, पुस्तकं वाचायला लागतं. ती एक जास्तीची भाषा म्हणून शीक, आपली झाकायचं फडकं म्हणून नको. आणि आमच्या पथकात कुणी कुणाच्या बोलण्याची नक्कल केली तर त्या दिवशी त्याने ढोल खाली ठेवायचा, हा नियम आहे.

'छपरी' म्हणणं एवढं वाईट आहे का? सगळे म्हणतात.

हो, आहे. छप्पर शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी या शब्दाचं नातं सांगितलं जातं. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. आज हा शब्द कुणाला लावतात बघ: रंगवलेले केस, स्वस्तातली झगमगीत पँट, साधी वस्ती. म्हणजे जे 'मोठ्या घरच्याने' केलं तर स्टाइल, तेच गरिबाने केलं तर छपरी. नटायची हौस सगळ्यांना असते. कुणाच्या गरिबीवर बोट ठेवून आपण वर चढतोय असं वाटणं, यात मला काही कूल दिसत नाही.

नाशिक तसं झोपाळू गाव. कूल व्हायला पुण्या-मुंबईला जावं लागेल ना?

शिकायला, नोकरीला जायचं तर खुशाल जा. पण हे कारण असेल तर तीन गोष्टी ऐकून जा.

हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातली कविता राऊत. तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणायला लागले. नावात गाव आलं आणि ते तिने मिरवलं.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खणायचं काम केलेला, दुष्काळी भागातला मुलगा. सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक शर्यतीत तब्येतीने दगा दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने साथीदारांबरोबर सांघिक सुवर्ण जिंकलं. मुलांना मी त्यातली मधली रात्र डोळ्यांपुढे आणायला सांगते. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर कोसळलाय, आणि सकाळी परत त्याच पाण्यावर वल्हं हातात घेऊन बसायचंय.

तिसरी गोष्ट सायकलवाल्यांची. हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे नाशिकचे डॉक्टर भाऊ २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नाशिकमध्येच सेवेत असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. पहाटे त्र्यंबक रोडला गेलास तर अंधारात लाल दिवे लुकलुकत जाताना दिसतात, ते सायकलवाले बघ. त्या वेळी रस्त्यावर त्यांना बघायला कुत्रंही नसतं.

कूल माणूस आणि चांगला माणूस एकच का?

नाही, आणि हे मान्य करायला मला थोडं जड जातं. २०२५ मध्ये एका मानसशास्त्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह बारा देशांतल्या जवळपास ६,००० लोकांना त्यांच्या ओळखीतल्या कूल आणि चांगल्या माणसांबद्दल विचारलं होतं. देश बदलला तरी कूल माणसाचं वर्णन साधारण सारखंच आलं: मिसळणारा, मौज करणारा, प्रभावी, धाडसी, नव्याला दार उघडं ठेवणारा, स्वतःच्या मताने चालणारा. चांगल्या माणसाचं वर्णन करताना लोकांनी प्रेमळ, परंपरा मानणारा, काम चोख करणारा, शांत असे गुण सांगितले.

'शांत' हा गुण चांगल्यांच्या खात्यात गेला, बघितलंस? शब्द जिथून निघाला तिथली शीतलता वाटेत गळाली आणि धाडस तेवढं राहिलं. मला हे नुकसान वाटतं. आमच्या मैदानावर तरी दोन्ही एकत्र ठेवायचा मी प्रयत्न करते. नवा हात बसवून बघायचं धाडस हवंच, पण तो बसवताना शेजारच्या कच्च्या मुलाला सोबत घ्यायचं.

रील टाकायची की नाही?

टाक की. फक्त वाजवताना टाकायचा विचार नको. सरावात एक मुलगा दर दहा मिनिटांनी फोन झाडाच्या बेचक्यात लावायचा. त्याच्या सगळ्या रील मी पाहिल्या. प्रत्येकीत त्याची नजर फोनकडे आहे आणि हात अर्धी मात्रा उशिरा पडतोय. त्यालाच दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'ताई, हे मला ऐकूच आलं नव्हतं.' आता त्याचा मित्र शूट करतो, कधी ते त्याला सांगत नाही.

मॅडम, मुलगा घरी एक अक्षर बोलत नाही. हेच का ते कूल?

काही वेळा तो सराव करत असतो, न बोलण्याचा. या वयात मुलं चेहरा कोरा ठेवून बघतात, कसा वाटतो ते. त्यावर 'बघा, आले मोठे हिरो' असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. मूल त्याने आणखी मिटतं. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, नजरेला नजर नसते तेव्हा बोला. पण न जेवणं, झोप उडणं, मित्रांनाही टाळणं असं दोन आठवड्यांवर चाललं तर ते वय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आम्ही पालकांनी कूल व्हायचं म्हणजे काय करायचं?

त्यांची भाषा उचलू नका. तुमचं एखादं काम तुम्हाला फार छान येतं, ते त्यांच्यासमोर करा. एका मुलीचे वडील वायरमन आहेत. मैदानावरचा दिवा गेला तेव्हा ते फाटकातून आत आले, खांबावर चढले, बारा मिनिटांत दिवा लावून खाली उतरले आणि पँट झटकत परत गाडीपाशी जाऊन उभे राहिले. ती मुलगी त्या संध्याकाळी किती ताठ मानेने वाजवत होती!

मुलींना वेगळा नियम का? मुलगा मोकळा वागला तर कूल, मुलगी वागली तर आगाऊ.

नियम वेगळा लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. मी पथकात आले तेव्हा 'मुलींनी ध्वज धरावा, ढोल जड असतो' असं सांगणारे होते. मुलींनी ढोल कमरेला बांधले आणि तो विषय संपला. रात्रीच्या सरावानंतर मुलीला घरी पोहोचवायची व्यवस्था मात्र आम्ही करतो, कारण रस्ता अजून बदललेला नाही. त्याला तिचा कमकुवतपणा समजू नका.

उद्या पहिल्यांदा येतोय. काय घालू, काय आणू?

सैल सुती कपडे आणि पायात घट्ट बसणारे जुने बूट. पाण्याची बाटली. ताशा शिकायचा असेल तर बोटांना गुंडाळायला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी, कारण तिसऱ्या दिवशी कातडी सोलते. कानात घालायला इअरप्लग आण. नवी मुलं ते घालत नाहीत, बावळट दिसतं म्हणून. जुन्यांतला एकही त्याशिवाय वाजवत नाही. सहा वाजता फाटक उघडतं. पहिला आठवडा वाद्य मिळणार नाही, मांडीवर हाताने ठेका धरायचा आणि ऐकायचं.